दुपारी झोपून उठल्यावर डोकं जड का होतं?

झोपेनं थकवा जातो, हे आपण धरूनच चालतो. मग दुपारी तासभर झोपून उठलेला माणूस झोपण्याआधी होता त्याहून जास्त मरगळलेला का दिसतो? डोकं जड झालेलं असतं, डोळ्यांवरची झापड उतरत नाही, अंग ठणकतं. कोणी काही विचारलं तर उत्तर सुचायला वेळ लागतो. आता सकाळ आहे की संध्याकाळ, हेही काही क्षण उमगत नाही. मग घरातलं कोणीतरी म्हणतं, ‘दुपारी झोपू नये म्हणतात ते उगाच नाही.’ दुसरं कोणी म्हणतं, ‘झोप पुरी झाली नाही तुझी, अजून जरा पड.’

दोघांच्याही बोलण्यात थोडं तथ्य आहे, पण खरं कारण दोघांनाही सापडलेलं नाही. या जडपणाचा अभ्यास शास्त्रज्ञ गेली कित्येक दशकं करत आहेत. त्याला ‘स्लीप इनर्शिया’ असं नाव आहे, मराठीत निद्राजडत्व म्हणता येईल. आपण दुपारी झोपलो एवढ्यानं तो येत नाही. झोपेच्या कोणत्या टप्प्यातून जागे झालो, यावर तो अवलंबून असतो. हे एकदा समजलं की दुपारची विश्रांती सोडावी लागत नाही आणि डोकंही जड करून घ्यावं लागत नाही. हा प्रश्न नुसत्या आरामाचा नाही. काही कामांमध्ये झोपेतून उठल्यानंतरची पहिली वीस मिनिटं माणसांच्या जिवाशी निगडित असतात.

झोपेचे टप्पे

डोळे मिटल्यापासून उघडेपर्यंतची झोप एकसारखी नसते. डोक्याला तारा लावून मेंदूतल्या विजेच्या लहरी नोंदवल्या, म्हणजेच ईईजी काढला, की तिचे टप्पे स्पष्ट वेगळे दिसतात. पहिला टप्पा पेंगण्याचा. तो काही मिनिटांचाच असतो, आणि त्यात कोणी हाक मारली तर ‘मी कुठे झोपलो होतो?’ असं माणूस मनापासून म्हणतो. दुसऱ्या टप्प्यात झोप खरी लागते. हृदयाचे ठोके संथ होतात, शरीराचं तापमान उतरू लागतं, बाहेरच्या आवाजांकडे मेंदू दुर्लक्ष करू लागतो. तिसरा टप्पा गाढ झोपेचा. यात मेंदूच्या लहरी अतिशय संथ आणि उंच होतात, सेकंदाला जेमतेम एक-दोन. त्यांना डेल्टा लहरी म्हणतात. शरीराची झीज भरून काढण्याचं बरंचसं काम याच टप्प्यात चालतं, आणि यातून माणसाला उठवणं सर्वांत अवघड असतं.

यानंतर येते स्वप्नांची झोप. बंद पापण्यांखाली डोळे भराभर हलतात, अशी ही झोप शिकागो विद्यापीठातल्या युजीन असेरिन्स्की आणि नेथॅनियल क्लाइटमन यांनी १९५३ मध्ये जगापुढे मांडली. तिला ‘रेम’ झोप म्हणतात. पेंग, हलकी झोप, गाढ झोप आणि स्वप्नझोप असं एक चक्र साधारण नव्वद मिनिटांचं असतं. मात्र सत्तर मिनिटांपासून दोन तासांपर्यंत ते कमी-जास्त होऊ शकतं.

आता दुपारच्या झोपेचा हिशोब मांडू. प्रौढ माणूस डोळा लागल्यापासून साधारण वीस ते तीस मिनिटांत गाढ झोपेच्या दाराशी पोचतो. त्याआधी उठला तर तो हलक्या झोपेतून उठतो आणि ताजातवाना असतो. चाळीस, पन्नास, साठ मिनिटांनी कोणी दारावरची बेल वाजवली किंवा मोबाइल खणाणला, तर तो नेमका डेल्टा लहरींच्या मधोमध सापडतो. दुपारचा सगळ्यात वाईट जडपणा याच वेळच्या उठण्यातून येतो.

मेंदू एकदम जागा होत नाही

डोळे उघडले म्हणजे माणूस जागा झाला, असं आपण समजतो. मेंदूच्या बाबतीत ते खरं नाही. अमेरिकेतले संशोधक थॉमस बॉल्किन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात झोपेतून नुकत्याच उठलेल्या माणसांच्या मेंदूतला रक्तप्रवाह पेट स्कॅननं मोजला. मेंदूच्या तळाचा भाग आणि थॅलॅमस, म्हणजे शुद्धीवर ठेवणारी मूळ यंत्रणा, पाच मिनिटांत पूर्ववत झाली होती. कपाळामागचा भाग मात्र पुढची पंधरा मिनिटं हळूहळू सावरत होता. विचार करणं, तुलना करणं, चूक ओळखणं, निर्णय घेणं ही कामं याच भागाची. दुकानाचं शटर वर गेलेलं असतं, पण गल्ल्यावर अजून कोणी बसलेलं नसतं, अशी ती अवस्था. म्हणून झोपेतून उठलेला माणूस चालतो, पाणी पितो, बोलतोही, पण सुट्या पैशांचा हिशोब चुकतो किंवा फोनवर कोणाला काय कबूल केलं हे नंतर आठवत नाही.

फ्रान्समधल्या राफाएल वाला आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग तर दुपारच्या झोपेवरच होता. लोकांना दुपारी पंचेचाळीस मिनिटं झोपू देऊन त्यांना वजाबाकीची उदाहरणं घातली, आणि सोबत मेंदूचं चित्रण केलं. गाढ झोपेतून उठलेल्यांची वजाबाकी बिघडली. आणखी एक गोष्ट दिसली. जागेपणी मेंदूतली काही जाळी काम करताना पेटतात, काही स्वस्थ बसल्यावर. ती एकमेकांपासून वेगळी राहतात. गाढ झोपेतून उठल्यावर काही काळ हा वेगळेपणा पुसला गेला होता. पंचवीस मिनिटांनी तो बराचसा परत आला. उठल्यानंतर मन एका जागी ठरत नाही, हातातलं काम आणि मनातली भरकट यांची सरमिसळ होते, हा आपला सगळ्यांचा अनुभव आहे. त्यामागची घडामोड ही अशी आहे.

हा परिणाम किती तीव्र असू शकतो, हे अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठातल्या एका छोट्या अभ्यासातून २००६ मध्ये पुढे आलं. रात्रीच्या पुऱ्या झोपेतून उठवल्यावर पहिल्या काही मिनिटांत लोकांनी केलेली बेरीज सव्वीस तास सलग जागं राहिल्यानंतरच्या बेरजेपेक्षाही वाईट होती. जडत्वाचा मुख्य भाग बहुतेकांमध्ये पंधरा ते तीस मिनिटांत ओसरतो. झोपेची मोठी थकबाकी असेल तर तो तासभर किंवा त्याहून जास्तही टिकतो.

मेंदूत हे जडत्व का राहतं, याविषयी एक स्पष्टीकरण अ‍ॅडिनोसिन या रसायनाचं आहे. मेंदूच्या पेशी दिवसभर ऊर्जा खर्च करतात तेव्हा हे रसायन साठत जातं आणि झोपेची ओढ वाढवतं. झोपेत त्याचा निचरा होतो. निचरा अर्धवट असताना उठावं लागलं तर उरलेलं अ‍ॅडिनोसिन मेंदूला पुन्हा झोपेकडे ओढतं, असं अनेक संशोधक मानतात. चहा-कॉफीतलं कॅफिन याच अ‍ॅडिनोसिनच्या जागा अडवून ठेवतं, हे लक्षात ठेवू. पुढे उपाय पाहताना ते कामाला येईल.

दुपारीच झोप का येते?

‘जेवल्यावर रक्त पोटाकडे धावतं आणि मेंदूला कमी पडतं’ हे स्पष्टीकरण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. पचनासाठी आतड्यांकडचा रक्तप्रवाह वाढतो हे बरोबर. पण मेंदू आपला रक्तपुरवठा फार काटेकोरपणे सांभाळतो आणि जेवणानंतर तो रक्तावाचून राहत नाही. शिवाय दुपारी जेवण न केलेल्या माणसांमध्येही एक ते चारच्या दरम्यान सावधपणा उतरलेला आढळतो. म्हणजे ही दुपारची उतरण मुळात शरीराच्या घड्याळातच आहे. भरपूर भात, पुरणपोळी किंवा आमरस-पुरी यांनी ती अधिक खोल होते, एवढंच.

झोपेचं नियमन दोन यंत्रणा करतात, असं झुरिचमधले संशोधक अलेक्झांडर बॉरबेली यांनी १९८२ मध्ये मांडलं, आणि आजही झोपेचं शास्त्र याच मांडणीवर उभं आहे. एक यंत्रणा जागेपणाच्या तासांबरोबर वाढत जाणाऱ्या झोपेच्या ओढीची, दुसरी चोवीस तासांच्या शारीरिक घड्याळाची. सकाळी सहाला उठलेल्या माणसाची ओढ दुपारपर्यंत बरीच वाढलेली असते आणि त्याच सुमाराला घड्याळाचा आधार थोडा सैल पडतो. म्हणून डोळे मिटतात. संध्याकाळी घड्याळ पुन्हा जोर लावतं, म्हणून दुपारी पेंगणारा माणूस सात वाजता चांगला तरतरीत दिसतो.

यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. जागं राहून जितके तास झाले तितकी गाढ झोपेची ओढ जास्त. म्हणून दुपारी एकच्या डुलकीपेक्षा पाचच्या झोपेत गाढ झोप अधिक असते आणि उठल्यावर जडपणाही अधिक असतो. ती झोप रात्रीच्या वाट्याची ओढही खाऊन टाकते, मग रात्री बारा वाजले तरी डोळा लागत नाही.

थकलेल्यालाच जास्त त्रास

झोपेची ओढ रात्रीच्या उणिवेनंही वाढते. प्रौढ माणसाला रात्री किमान सात तास झोप हवी, अशी अमेरिकेतल्या निद्रातज्ज्ञांच्या संघटनांची शिफारस आहे. आता मुलांचे डबे करण्यासाठी पाचला उठणारी आणि रात्री साडेअकराला ओटा पुसून आडवी होणारी बाई घ्या. तिच्या वाट्याला साडेपाच तास येतात. रात्रपाळी करून सकाळी घरी आलेला कामगार, पहाटे पाणी द्यायला शेतावर गेलेला शेतकरी, परीक्षेसाठी जागणारा मुलगा यांचंही तेच. अशी माणसं दुपारी आडवी झाली की हलकी झोप झपाट्यानं ओलांडून थेट गाढ झोपेत जातात. वीस मिनिटांनी गजर झाला तरी त्यांच्या मेंदूत डेल्टा लहरी सुरू झालेल्या असू शकतात. रात्री आठ तास झोपलेल्याला जी डुलकी ताजं करते, तीच यांचं डोकं जड करते.

म्हणजे विश्रांतीची ज्याला सर्वांत जास्त गरज आहे, त्यालाच दुपारची झोप सर्वांत जास्त त्रास देते. वर ‘एवढी झोपलीस तरी आळस जात नाही’ हे ऐकावं लागतं, ते वेगळंच. हा आळस नव्हे. जडपणा जितका तीव्र, तितकी रात्रीची थकबाकी मोठी असण्याची शक्यता अधिक. दुपारच्या झोपेवर रागावण्याऐवजी त्या घरातली रात्र आणि पहाट कशी वाटली गेली आहे, हे पाहिलं पाहिजे.

किती वेळ झोपावं?

ऑस्ट्रेलियातल्या फ्लिंडर्स विद्यापीठातल्या अंबर ब्रूक्स आणि लिऑन लॅक यांनी हा प्रश्न नेमका तपासला. त्यांचा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. आदल्या रात्री सुमारे पाचच तास झोपलेल्या तरुणांना दुपारी तीनला पाच, दहा, वीस किंवा तीस मिनिटं झोपू दिलं आणि नंतर अडीच तास त्यांच्या चाचण्या घेतल्या. पाच मिनिटांच्या झोपेचा फारसा उपयोग झाला नाही. दहा मिनिटांच्या झोपेनंतर मात्र सावधपणा लगेच सुधारला आणि ती सुधारणा दोन तासांहून अधिक टिकली. वीस मिनिटांच्या झोपेचा फायदा उठल्यानंतर सुमारे अर्ध्या तासानं दिसू लागला. तीस मिनिटं झोपलेल्यांमध्ये आधी जडत्वाचा काळ आला, मग फायदा.

याआधी अमेरिकेच्या नासा संस्थेनं प्रशांत महासागरावरच्या लांब पल्ल्याच्या उड्डाणांमध्ये वैमानिकांना आळीपाळीनं चाळीस मिनिटं विश्रांतीची मुभा देऊन पाहिली. ते सरासरी सव्वीस मिनिटं झोपले. न झोपलेल्या गटाच्या तुलनेत त्यांची कामगिरी ३४ टक्के आणि सावधपणा ५४ टक्के चांगला आढळला. हे आकडे जगभर उद्धृत होतात. पण त्या प्रयोगातली एक अट सहसा सांगितली जात नाही. विश्रांतीनंतर वैमानिकाला काम हाती घेण्यापूर्वी वीस मिनिटं सावरायला दिलेली होती. जडत्व येणार, हे गृहीत धरूनच त्याची सोय केली होती.

मग लांब झोप वाईटच का? नाही. गाढ आणि स्वप्नझोप दोन्ही मिळतील अशा साठ ते नव्वद मिनिटांच्या झोपेनं शिकलेली गोष्ट मनात पक्की व्हायला मदत होते, असं सारा मेडनिक आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये दाखवलं. रात्रभर जागलेल्या माणसानं दुपारी दीड तास झोपणं शहाणपणाचंच आहे. एक चक्र पूर्ण झालं तर तो हलक्या झोपेतून उठण्याची शक्यता वाढते. हमी मात्र नाही, कारण प्रत्येकाचं चक्र वेगळं. म्हणून लांब झोप घ्यायची तर उठल्यानंतरचा अर्धा तास मोकळा ठेवूनच घ्यावी.

चरकसंहितेत काय आहे?

दुपारची झोप आणि जडपणा यांचं नातं आपल्याकडे फार जुन्या काळी हेरलं गेलं आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातल्या एकविसाव्या अध्यायात झोपेचं सविस्तर विवेचन आहे. दिवसा अवेळी झोपल्यानं होणाऱ्या त्रासांत तिथे डोकेदुखी, अंगाला आलेली जडता, अंग मोडून येणं आणि पचन मंदावणं ही लक्षणं नोंदवली आहेत. पण सरसकट बंदी घातलेली नाही. उन्हाळ्यात रात्र लहान असते म्हणून त्या ऋतूत दिवसा झोपायला परवानगी आहे. म्हातारे, लहान मुलं, अशक्त, प्रवासानं किंवा जागरणानं थकलेले, ओझी वाहून आणि चालून दमलेले यांनाही सूट आहे.

त्याच ठिकाणी एक फार नेमकं निरीक्षण आहे. रात्रीचं जागरण शरीराला रुक्ष करतं, दिवसा आडवं होऊन झोपणं स्निग्धता वाढवतं, आणि बसल्या बसल्या घेतलेली डुलकी या दोन्ही दोषांपासून मुक्त असते, असं चरक सांगतात. त्यांची भाषा दोषांची आणि आजची भाषा लहरींची. दोन्हींची मांडणी एक नाही, आणि ती ओढून-ताणून एक करायचीही गरज नाही. पण आरामखुर्चीत बसल्या बसल्या लागलेली डुलकी सहसा हलकी आणि छोटी राहते, हे आज आपल्यालाही पटण्यासारखं आहे.

मंगळूरची पहाट

काही कामांमध्ये हे जडत्व जिवावर कसं बेततं, ते एका अपघातात दिसलं. २२ मे २०१० च्या पहाटे दुबईहून निघालेलं एअर इंडिया एक्स्प्रेसचं विमान मंगळूरला उतरताना धावपट्टी ओलांडून दरीत कोसळलं. विमानातल्या १६६ जणांपैकी १५८ मृत्युमुखी पडले. चौकशीसाठी नेमलेल्या न्यायालयाचे प्रमुख होते हवाई दलाचे माजी उपप्रमुख, एअर मार्शल भूषण गोखले. कॉकपिटमधल्या ध्वनिमुद्रणात दोन तास पाच मिनिटांचे आवाज होते. त्यातल्या पहिल्या एक तास चाळीस मिनिटांत मुख्य वैमानिकाचं बोलणं नव्हतं, मधूनमधून घोरण्याचे आणि खोल श्वासाचे आवाज होते. उतरायच्या थोडं आधी ते जागे झाले. विमान फार उंचावरून येत होतं. सहवैमानिकानं तीनदा उतरणं सोडून पुन्हा वर जायला सुचवलं, यंत्रणेनंही इशारे दिले. तरी उतरण्याचा प्रयत्न चालूच राहिला. हेच अपघाताचं थेट कारण ठरलं. दीर्घ झोपेनंतर आलेलं निद्राजडत्व आणि त्यामुळे मंदावलेली निर्णयशक्ती यांची नोंद अहवालानं हातभार लावणाऱ्या कारणांमध्ये केली.

पुढच्याच वर्षी, जानेवारी २०११ मध्ये, टोरांटोहून झुरिचला जाणाऱ्या एअर कॅनडाच्या विमानात सहवैमानिक सुमारे सव्वा तास झोपले. नियम चाळीस मिनिटांचा होता. उठल्यावर त्यांना आधी शुक्र ग्रह समोरून येणारं विमान वाटला. मग खालच्या पातळीवरून येणारं खरं विमान आपल्यावरच येतंय असं वाटून त्यांनी विमान खाली दाबलं. पट्टे न बांधलेले प्रवासी उडाले आणि सोळा जण जखमी झाले. कॅनडाच्या चौकशीतही निद्राजडत्वाचा उल्लेख आहे.

वैमानिकांनी झोपूच नये, असा याचा अर्थ नाही. थकलेल्या माणसासाठी छोटी झोप हाच खरा इलाज आहे. पण ती कधी, किती आणि उठल्यावर किती वेळानं काम हातात घ्यायचं, हे आधी ठरलेलं हवं. हाच नियम रात्री-अपरात्री उठून रुग्ण पाहणाऱ्या निवासी डॉक्टरला, परिचारिकेला आणि ट्रकचालकाला लागू आहे. मुंबई ते नागपूर ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गावर गाडी चालवताना डोळे मिटू लागले तर विश्रांतिस्थळी थांबून झोपणं हे उत्तमच. पण डोळे उघडले की लगेच गाडी रस्त्यावर काढणं धोक्याचं आहे. पंधरा-वीस मिनिटं खाली उतरून पाय मोकळे करावेत, मगच चाक हातात घ्यावं.

उठल्यावर काय करावं?

ब्रिटनमधल्या लफबरो विद्यापीठातल्या लुईस रेनर आणि जिम हॉर्न यांनी १९९७ मध्ये पेंगुळलेल्या चालकांवर एक युक्ती तपासली. आधी दीडशे मिलिग्रॅम कॅफिन असलेली कॉफी प्यायची आणि लगेच पंधरा मिनिटांहून कमी डुलकी घ्यायची. कॅफिनचा परिणाम व्हायला साधारण वीस ते तीस मिनिटं लागतात. तोवर डुलकी होते, आणि उठेपर्यंत कॅफिन कामाला लागतं. नुसत्या कॉफीपेक्षा किंवा नुसत्या डुलकीपेक्षा हा जोड जास्त गुणकारी ठरला. ब्रिटनच्या वाहतूक नियमावलीतही कॉफी आणि किमान पंधरा मिनिटांची झोप असा मिळताजुळता सल्ला आहे. आपल्याकडे लोक उठल्यावर चहा पितात. डुलकीच्या आधी पिणं अधिक उपयोगी. चहात कॅफिन कॉफीपेक्षा कमी असतं, तरी फायदा होतोच. मात्र कॅफिन निम्मं उतरायला सुमारे पाच तास लागतात, म्हणून दुपारी उशिरा हा प्रयोग करू नये.

जपानमधल्या मित्सुओ हायाशी आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये कॅफिन, प्रखर प्रकाश आणि तोंड धुणं यांची तुलना केली. तोंडावर पाणी मारल्यानं तरतरी येते, पण ती फार टिकत नाही. प्रकाशाचा परिणाम त्याहून चांगला आणि कॅफिनचा सर्वांत चांगला निघाला. म्हणून उठल्यावर पडदे सरकवावेत, गच्चीत किंवा अंगणात यावं, थोडं चालावं. ‘अजून पाच मिनिटं’ म्हणून पुन्हा आडवं होऊ नये. त्या पाच मिनिटांत पुन्हा गाढ झोप लागू शकते.

रोजची दुपारची झोप हवी असेल तर काही गोष्टी पाळाव्यात. ती तीनच्या आत आटोपावी. डोळा लागायला लागणारा वेळ धरून पंचवीस मिनिटांचा गजर लावावा. खोली पूर्ण काळोखी करू नये, पांघरूण घेऊन रात्रीसारखी जय्यत तयारी करू नये. गाढ झोपेला आमंत्रण देणारं वातावरण रात्रीसाठी राखावं. ज्यांना रात्री झोप लागत नाही, त्यांनी मात्र दुपारी झोपणं टाळावं, म्हणजे रात्रीची ओढ पुरेशी साठेल.

जडपणा कधी इशारा असतो?

दुपारची झोप कितीही छोटी घेतली तरी रोज डोकं जड होत असेल, तर रात्रीच्या झोपेकडे पाहायला हवं. जोरात घोरणं, झोपेत श्वास अडकणं, सकाळी उठल्यावर डोकं दुखणं ही श्वासरोधाची, म्हणजे स्लीप अ‍ॅप्नियाची लक्षणं असू शकतात. असा माणूस आठ तास अंथरुणात असतो, पण त्याची झोप सतत तुटत राहते. पंडुरोग, थायरॉइडची कमतरता, नैराश्य, सर्दी-अ‍ॅलर्जीच्या काही गोळ्या यांनीही दिवसा झोप येते. काही थोड्या लोकांना इडिओपॅथिक हायपरसोम्निया हा आजार असतो. त्यात दुपारी तास-दोन तास झोपूनही ताजेपणा येत नाही आणि उठल्यावर बराच वेळ गुंगी राहते. नार्कोलेप्सी या दुसऱ्या निद्राविकारात नेमकं उलट होतं; छोट्या डुलकीनं रुग्ण बराच ताजा होतो. म्हणून डॉक्टरकडे गेल्यावर ‘दुपारी झोपल्यावर कसं वाटतं?’ याचं नेमकं उत्तर द्यावं. त्यातून निदानाला दिशा मिळते.

ऑस्ट्रेलियातले डॉक्टर मरे जॉन्स यांनी १९९१ मध्ये तयार केलेली एपवर्थ प्रश्नावली यासाठी जगभर वापरली जाते. वाचताना, टीव्ही पाहताना, दुपारी आडवं झाल्यावर, जेवणानंतर शांत बसल्यावर अशा आठ प्रसंगी डुलकी लागण्याची शक्यता शून्य ते तीन गुणांत सांगायची. एकूण चोवीसपैकी दहापेक्षा जास्त गुण आले तर डॉक्टरांशी बोलायला हवं.

दुपारची विश्रांती ही आपल्या हवामानाची गरज आहे. कोकणातल्या किंवा विदर्भातल्या उन्हाळी दुपारी राबणाऱ्या माणसाला थोडं पडण्याचा हक्क आहे, आणि त्यासाठी कोणाची माफी मागायची गरज नाही. फक्त ती विश्रांती छोटी असावी, वेळेवर असावी, आणि उठल्यानंतरची वीस-पंचवीस मिनिटं कोणत्याही महत्त्वाच्या कामाला जुंपू नयेत. गाडी, औषधाची मात्रा, पैशांचा व्यवहार, रागाच्या भरात द्यायचं उत्तर हे सारं तेवढा वेळ थांबू शकतं. आणि इतकं पाळूनही जडपणा रोजच येत असेल, तर घरातल्या त्या माणसाची रात्र दीड तासानं वाढवायला सगळ्यांनी हातभार लावावा. डबा दुसऱ्या कोणी करावा, ओटा दुसऱ्या कोणी पुसावा. दुपारच्या जडपणावर याहून खात्रीचा उपाय नाही.